चित्र निघाले, पण पुढे काय?

हातात मावणारे एक्स-रे यंत्र जंगलातल्या टोल्यापर्यंत पोहोचू शकते. मात्र गडचिरोली-चंद्रपूरसारख्या जिल्ह्यांत निदानाचे चित्र जीव वाचवते की नाही, हे यंत्रावर कमी आणि त्यानंतरच्या साखळीवर अधिक अवलंबून आहे.

जेमतेम साडेतीन किलो वजनाचे, कॅमेऱ्यासारखे दोन्ही हातांत धरता येणारे एक्स-रे यंत्र आता क्षयरोग तपासणीच्या शिबिरांमध्ये दिसू लागले आहे. ७ डिसेंबर २०२४ रोजी हरियाणातील पंचकुला येथून देशातील ३४७ जिल्ह्यांसाठी शंभर दिवसांची क्षयरोगविरोधी मोहीम सुरू झाली. या यंत्रांचा मोठ्या प्रमाणावर वापर झाला तो तेव्हापासून. रुग्ण समोर उभा राहतो, पाठीमागे पाटीएवढे डिटेक्टर धरले जाते, बटण दाबले जाते. काही सेकंदांत फुप्फुसांचे चित्र लॅपटॉपवर येते आणि संगणकप्रणाली संशयास्पद जागेवर खूण करून देते. ना अंधारी खोली, ना फिल्म धुण्याची खटपट.

शहरी वाचकाला याचे फार अप्रूप वाटणार नाही. कोपऱ्यावरच्या डायग्नोस्टिक सेंटरमध्ये एक्स-रे, सोनोग्राफी, सीटी, एमआरआय एकाच छताखाली मिळतात. गडचिरोलीत मात्र हिशेब निराळा आहे. २६ ऑगस्ट १९८२ रोजी चंद्रपूरपासून वेगळ्या झालेल्या या जिल्ह्याचे क्षेत्रफळ १४,४१२ चौरस किलोमीटर. २०११च्या जनगणनेनुसार लोकसंख्या १० लाख ७३ हजार. बहुतांश भाग जंगलाचा. दक्षिण टोकावरचे सिरोंचा जिल्हा मुख्यालयापासून सुमारे दोनशे किलोमीटर दूर. पर्लकोटेला पूर आला की भामरागडचा संपर्क तुटतो, हे दर पावसाळ्यातले वृत्त. अशा ठिकाणी यंत्र रुग्णाकडे जाणार की रुग्ण यंत्राकडे, हा जगण्या-मरण्याचा प्रश्न ठरतो.

म्हणूनच हातात मावणाऱ्या एक्स-रे यंत्राचे स्वागत करायला हवे. पण त्याचबरोबर एक साधा प्रश्नही विचारायला हवा. चित्र निघाल्यानंतर ते वाचणार कोण, आणि वाचून झाल्यावर उपचार किती वेळात मिळणार? निदानाचे चित्र तीन पायांवर उभे असते: यंत्र, वाचणारी नजर आणि नंतरचा उपचार. एक जरी पाय लुळा असेल तरी चित्राचा उपयोग शून्य. या दोन जिल्ह्यांतल्या काही आजारांना ही कसोटी लावली, तर कोठे काय कमी पडते ते स्पष्ट होते.

खोकला नसलेला क्षयरोगी

क्षयरोगाची नेहमीची तपासणी लक्षणांपासून सुरू होते. दोन आठवड्यांहून अधिक खोकला, ताप, वजन घटणे, रात्रीचा घाम यांपैकी काही असेल तर थुंकी तपासायची. २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या राष्ट्रीय क्षयरोग सर्वेक्षणाने या पद्धतीतली मोठी फट दाखवून दिली. छातीचा एक्स-रे काढलाच नसता, तर सापडलेल्या रुग्णांपैकी ४२.६ टक्के रुग्ण निसटले असते. सर्वेक्षणात विचारलेली लक्षणे त्यांनी सांगितलीच नव्हती. मोहफुले वेचायला किंवा तेंदूपत्ता तोडायला रोज जाणारा माणूस थोडा खोकला आणि थोडा थकवा यांना आजार म्हणत नाही, हे त्यामागचे एक कारण. आजार मात्र आत वाढत असतो आणि घरातल्या इतरांपर्यंत पोहोचत असतो.

एक्स-रेवरचा डाग हा केवळ संशय असतो. जुन्या, बऱ्या झालेल्या क्षयाचा व्रणही तसाच दिसू शकतो. त्यामुळे थुंकीतील जंतूंचा जनुकीय पुरावा शोधणारी चाचणी आवश्यक असते. गोव्यातील मोलबायो कंपनीचे बॅटरीवर चालणारे ‘ट्रूनॅट’ यंत्र हेच काम सुमारे तासाभरात करते. औषधे सरकारी योजनेतून मोफत मिळतात. म्हणजे क्षयरोगाच्या बाबतीत तिन्ही पाय निदान कागदावर तरी जागेवर आहेत. एक्स-रे वाचायला डॉक्टर नसेल तर संगणक मदत करतो. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१मध्ये अशा संगणकीय वाचनाची शिफारस केली, पण ती १५ वर्षे आणि त्यावरील वयोगटासाठी. लहान मुलांचा क्षय निराळा दिसतो; तेथे संगणकाच्या खुणेवर विसंबून चालत नाही.

किरणोत्साराची भीती अनेकांच्या मनात असते. छातीच्या एका एक्स-रेमधून मिळणारी मात्रा साधारण दहा दिवसांत निसर्गातून आपल्याला आपोआप मिळणाऱ्या किरणोत्साराएवढी असते. रुग्णाला त्याचा धोका नगण्य आहे. काळजी घ्यायची ती दिवसाला शंभर-दोनशे एक्स-रे काढणाऱ्या तंत्रज्ञाची. त्याचे शिशाचे ॲप्रन आणि मात्रा मोजणारा बिल्ला शिबिराच्या घाईत बाजूला पडता कामा नये.

कोळशाच्या पट्ट्यातील डाग

चंद्रपूरकडे वळले की त्याच एक्स-रेचे वाचन अवघड होते. बल्लारपूर, राजुरा, माजरी, दुर्गापूर हा कोळसा खाणींचा पट्टा. वर्षानुवर्षे कोळशाची आणि दगडाची धूळ श्वासातून आत गेलेल्या कामगाराच्या फुप्फुसांत बारीक गाठी तयार होतात. एक्स-रेवर त्या ठिपक्यांसारख्या दिसतात आणि हे ठिपके काही वेळा क्षयाचे वाटतात. उलटही घडते. सिलिकाची धूळ साचलेल्या फुप्फुसात क्षयरोग होण्याचा धोका कित्येक पटींनी वाढतो. म्हणजे दोन्ही आजार एकाच छातीत असू शकतात.

धुळीच्या आजाराचे वाचन करण्यासाठी आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने प्रमाण चित्रांचा संच तयार केला आहे. कामगाराचा एक्स-रे त्या चित्रांशेजारी ठेवून ठिपक्यांचा आकार आणि दाटी ठरवायची असते. यासाठी प्रशिक्षित डोळा लागतो. १९५५च्या खाण नियमांनी कामगाराची दर पाच वर्षांनी वैद्यकीय तपासणी बंधनकारक केली. पण धुळीचा आजार नोकरी सुटल्यावरही वाढत राहतो, आणि कंत्राटावर काम करून गावी परतलेल्या माणसाची जुनी-नवी चित्रे शेजारी ठेवून पाहणारे कोणी नसते. क्षयरोग मोहिमेतील संगणकाला क्षय ओळखायला शिकवलेले असते, खाणीचा इतिहास विचारायला नाही. तो प्रश्न आशा किंवा आरोग्यसेवकानेच विचारायचा आहे: “काका, तुम्ही खाणीत किती वर्षे होता?” नोंदीच्या अर्जात हा एक रकाना वाढवण्याला काहीच खर्च येत नाही. एटापल्लीच्या सुरजागड भागात लोहखनिजाचे उत्खनन वाढत असताना गडचिरोलीलाही तो रकाना लागणार आहे.

लकवा आणि साडेचार तासांचे गणित

आदिवासी, जंगली भाग म्हटला की मलेरिया, कुपोषण, सर्पदंश डोळ्यांसमोर येतात. त्यामुळे गडचिरोलीतील ‘सर्च’ संस्थेच्या संशोधकांनी २०१५मध्ये ‘स्ट्रोक’ या नियतकालिकात मांडलेले निष्कर्ष धक्कादायक ठरले. ८६ गावांतील प्रत्येक मृत्यूचे कारण दोन वर्षे शोधण्यात आले. एकूण १,५९९ मृत्यूंपैकी २२९ म्हणजे १४.३ टक्के मृत्यू मेंदूच्या आघाताने, लोकांच्या भाषेत लकव्याने झाले होते. मृत्यूच्या कारणांत त्याचा क्रमांक पहिला होता. या रुग्णांपैकी दर दहांतील जवळपास नऊ जणांनी घरीच प्राण सोडला.

लकवा दोन प्रकारांनी होतो. मेंदूची रक्तवाहिनी गुठळीने बंद होते किंवा ती फुटून रक्तस्राव होतो. बाहेरून दोन्ही सारखेच दिसतात: तोंड वाकडे, हातपाय लुळे, बोलणे अडखळते. उपचार मात्र परस्परविरोधी. गुठळी असेल तर ती विरघळवणारे इंजेक्शन साडेचार तासांच्या आत द्यावे लागते. रक्तस्राव असेल तर तेच इंजेक्शन जीव घेऊ शकते. हा फरक अनुभवी डॉक्टरलाही केवळ तपासून खात्रीने सांगता येत नाही. सीटी स्कॅनवर मात्र ताजे रक्त पांढरे दिसते आणि काही मिनिटांत निकाल लागतो. १ ऑक्टोबर १९७१ रोजी लंडनच्या ॲटकिन्सन मॉर्ले रुग्णालयात पहिल्यांदा रुग्णाच्या मेंदूचा सीटी स्कॅन झाला. त्याला अर्धशतक उलटून गेले, तरी भामरागडहून निघालेल्या रुग्णासाठी ते यंत्र अजून तासन्‌तास दूर आहे.

राष्ट्रीय आरोग्य अभियानाच्या मोफत निदान सेवेत जिल्हा रुग्णालयातील सीटी स्कॅन आणि दूरस्थ तज्ज्ञांकडून एक्स-रेचे वाचन यांचा समावेश आहे. यंत्र जिल्ह्याच्या ठिकाणी असणे गरजेचे आहेच. परंतु पहाटे लकवा आला, घरच्यांनी आधी पुजाऱ्याला बोलावले, मग खाटेवरून रस्त्यापर्यंत आणले, १०८ची वाट पाहिली, तालुक्याच्या रुग्णालयातून चिठ्ठी घेतली आणि पुढे निघाले, तर साडेचार तास वाटेतच संपतात. मेंदूतील रक्तपुरवठा थांबला की दर मिनिटाला सुमारे १९ लाख चेतापेशी मरतात, असा एक अंदाज आहे. सीटीच्या दारात पोहोचेपर्यंत चित्र काय दाखवणार, ते ठरून गेलेले असते.

यावर एक मार्ग जर्मनीत निघाला. २००८मध्ये होम्बुर्ग येथे रुग्णवाहिकेतच सीटी यंत्र बसवण्यात आले. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेने तोच प्रयोग आसाममध्ये दिब्रुगड येथे केला. तेजपूरमध्ये मेंदूविकारतज्ज्ञ नसताना सामान्य फिजिशियनना प्रशिक्षण देऊन लकव्याचा कक्ष चालवण्यात आला. गडचिरोलीसाठी चाकांवरच्या सीटीपेक्षा दुसरा धडा अधिक कामाचा आहे. अहेरीसारख्या उपजिल्हा रुग्णालयात सीटी आणि ते चित्र मोबाइलवर पाहून सल्ला देणारा नागपूरचा तज्ज्ञ, अशी जोडी बसवता येईल. तोपर्यंत सर्वांत स्वस्त उपाय रक्तदाबाचे यंत्र हाच आहे. लकव्याचे सर्वांत मोठे कारण उच्च रक्तदाब. तो मोजायला रेडिओलॉजिस्ट लागत नाही.

सिकलसेल: जोखीम आधीच सांगणारा आवाज

सिकलसेल हा पूर्व विदर्भाच्या दृष्टीने घरोघरी माहीत असलेला आजार. १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातील शहडोल येथून राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियान सुरू झाले. १७ राज्यांतील २७८ जिल्ह्यांत ४० वर्षांपर्यंतच्या सात कोटी लोकांची तपासणी करायची आणि २०४७पर्यंत हा आजार सार्वजनिक आरोग्याचा प्रश्न उरू द्यायचा नाही, असे उद्दिष्ट ठरले. या मोहिमेत भर आहे तो रक्ततपासणीवर. कार्ड हाती आल्यानंतर त्या मुलाचे काय, हा प्रश्न पुढचा. आणि तेथे प्रतिमातंत्राची गरज सुरू होते.

विळ्याच्या आकाराच्या लाल पेशी मेंदूच्या मोठ्या रक्तवाहिन्यांना इजा करतात. वाहिनी आतून अरुंद होत जाते. त्यामुळे साठीत येणारा लकवा पाच-सात वर्षांच्या मुलाला येऊ शकतो. नदीचे पात्र अरुंद झाले की पाण्याची धार वेगवान होते, रक्ताचेही तसेच. मुलाच्या कानशिलावर ध्वनिलहरींची शलाका टेकवून हा वेग मोजता येतो. तिला ट्रान्सक्रेनियल डॉप्लर म्हणतात. वेग सेकंदाला २०० सेंटीमीटर किंवा त्याहून अधिक भरला तर लकव्याची जोखीम मोठी. तपासणीला सुई नाही, किरणोत्सार नाही, भूल नाही. मूल आईच्या मांडीवर बसलेले असताना अर्ध्या तासात ती होते.

तिचे मोल १९९८मध्ये अमेरिकेत सिद्ध झाले. जास्त वेग आढळलेल्या १३० मुलांचे दोन गट करण्यात आले. नियमित रक्त दिलेल्या गटात एका मुलाला लकवा आला, तर नेहमीचे उपचार घेणाऱ्या गटात अकरा मुलांना. जोखीम ९२ टक्क्यांनी घटली. हा फरक इतका ठळक होता, की चाचणी मुदतीआधीच थांबवावी लागली. दर महिन्याला रक्त देणे जंगलातल्या कुटुंबाला झेपणारे नाही, हे खरेच. मात्र पुढच्या अभ्यासांनी मार्ग सोपा केला. काही काळ रक्त दिल्यानंतर, वाहिन्यांची फार हानी झालेली नसेल तर हायड्रॉक्सियुरियाच्या गोळ्यांवर मुलांना ठेवता येते, असे २०१६च्या अमेरिकी अभ्यासात दिसले. नायजेरियात तर रक्त पुरवणेच अवघड असल्याने याच गोळ्यांवर लकवा टाळण्याचे प्रयोग झाले. हायड्रॉक्सियुरिया भारताच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत आहे.

येथे कसोटीचा निकाल उलटा लागतो. उपचार उपलब्ध आहे, यंत्र सीटीच्या तुलनेत बरेच स्वस्त आहे. कमतरता आहे ती प्रशिक्षित हातांची. शलाकेचा कोन थोडा चुकला तरी वेग कमी भरतो आणि जोखमीचे मूल ‘ठीक’ ठरते. अमेरिकेतील मुलांचे आकडे येथे जसेच्या तसे लागू होतील असेही नाही. भारतीय रुग्णांमध्ये गर्भावस्थेतील हिमोग्लोबिनचे प्रमाण अधिक असल्याने आजार काहीसा सौम्य मानला जातो, तरी विदर्भातील डॉक्टरांनी तीव्र आजाराची मुलेही पाहिली आहेत. नेमके प्रमाण कळायलाही वेग मोजावाच लागेल. चंद्रपूर आणि गडचिरोली या दोन्ही ठिकाणी आता शासकीय वैद्यकीय महाविद्यालये आहेत. सिकलसेलच्या मुलांसाठी आठवड्यातून एक दिवस डॉप्लर तपासणी हे त्यांच्यासाठी उपचाराचे आणि संशोधनाचे, दोन्ही काम ठरेल.

तरुण रुग्णांचे दुखणे वेगळे. मांडीच्या हाडाच्या डोक्याचा रक्तपुरवठा तुटून ते हाड मरू लागते. सुरुवातीच्या काळात एक्स-रे अगदी स्वच्छ दिसतो. बदल प्रथम एमआरआयमध्ये कळतो. ‘एक्स-रे नॉर्मल आहे’ असे ऐकून धानाच्या बांधीत परत गेलेला तरुण दोन वर्षांनी लंगडत येतो, तेव्हा हाड खचलेले असते. सिकलसेलचे कार्ड असलेला रुग्ण जांघेत दुखते म्हणाला, तर स्वच्छ एक्स-रेवर समाधान मानू नये. एवढे एक वाक्य प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्राच्या भिंतीवर लावता येईल.

सोनोग्राफी आणि कायद्याची चौकट

गरोदर स्त्रीच्या बाबतीत चित्राचे मोल वेळेआधी कळण्यात असते. वार खाली आहे का, जुळे आहे का, बाळ आडवे आहे का, हे पावसाळ्यापूर्वी समजले तर तिला दवाखान्याजवळच्या ‘माहेरघरा’त आधीच आणून ठेवता येते; भरल्या नदीतून डोंग्याने आणण्याची वेळ येत नाही.

सोनोग्राफीचे यंत्र मात्र एक्स-रेसारखे टोल्यावर नेता येत नाही. गर्भलिंगनिदानाच्या गैरवापरामुळे १९९४चा केंद्रीय कायदा आला. महाराष्ट्राने त्याआधीच, १९८८मध्ये, असा कायदा करून देशात पहिले पाऊल टाकले होते. २०१२च्या दुरुस्तीने हलवता येणाऱ्या यंत्रांचा वापर नोंदणीकृत रुग्णालयातील दाखल रुग्णांपुरता किंवा अन्य आरोग्यसेवा देणाऱ्या फिरत्या पथकापुरता मर्यादित केला. त्यामागचे कारण खोटे नव्हते. २०११मध्ये बीडमध्ये सहा वर्षांखालील हजार मुलांमागे ८०७ मुली होत्या, राज्यात ८९४. गडचिरोलीत हेच प्रमाण ९६१ होते. ज्या जिल्ह्याने मुलींना नाकारले नाही, त्याच्या वाट्यालाही बीडचीच बंधने आली.

तरीही कायदा सैल करणे हा उपाय नव्हे. यंत्र सहज मिळू लागले की लोकांच्या सवयीही बदलतात. कायद्याच्या चौकटीतच दोन वाटा खुल्या आहेत. फिरत्या पथकांना नियमात मुभा आहे, आणि २०१४च्या नियमांनुसार एमबीबीएस डॉक्टर सहा महिन्यांचे प्रशिक्षण घेऊन सोनोग्राफी करू शकतात. अडचण आहे ती असे प्रशिक्षित डॉक्टर अहेरी, कोरची, धानोऱ्याला टिकवण्याची. आणखी एक इशाराही लक्षात ठेवायला हवा. काँगो, ग्वाटेमाला, केनिया, पाकिस्तान आणि झांबिया या पाच देशांत गरोदर स्त्रियांना गावपातळीवर सोनोग्राफी देऊन पाहिली गेली. २०१८मध्ये निष्कर्ष आले: माता आणि बाळांच्या मृत्यूंत लक्षणीय फरक पडला नाही. धोका दिसला, पण तो निभावणारे रुग्णालय पुढे नव्हते.

मणी मोजणारी दाई

याच मातीतला एक जुना प्रयोग या चर्चेत आठवावा असा आहे. १९८०च्या दशकात मुलांचा न्यूमोनिया ओळखायला एक्स-रे हवा, असे पुस्तके सांगत होती. गडचिरोलीच्या खेड्यात ना एक्स-रे होता, ना डॉक्टर. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी ‘सर्च’मध्ये एक साधन तयार केले: एका मिनिटाचे वाळूचे घड्याळ आणि तारेत ओवलेले मणी. मुलाच्या दर दहा श्वासांना एक मणी सरकवायचा. मिनिट संपण्याआधी लाल मण्यापर्यंत पोहोचलो तर न्यूमोनिया. दहापर्यंतच मोजता येणाऱ्या दाईलाही ते जमत असे. आणि औषध तिच्याच पिशवीत होते. १९९०मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झालेल्या अहवालानुसार त्या गावांत न्यूमोनियाचे बालमृत्यू ५४ टक्क्यांनी कमी झाले.

या प्रयोगाचा अर्थ ‘यंत्रे नकोत’ असा काढणे चूक ठरेल. मण्यांनी लकव्यातली गुठळी आणि रक्तस्राव यांतला फरक कळणार नाही, की मुलाच्या मेंदूतला रक्ताचा वेग मोजता येणार नाही. अर्थ एवढाच, की तेथे निदान आणि उपचार एकाच हातात होते. मधे दोनशे किलोमीटरचा रस्ता नव्हता. नव्या यंत्रांनाही हीच कसोटी लावायला हवी. किती यंत्रे खरेदी झाली, किती एक्स-रे निघाले, हे आकडे बैठकीत छान दिसतात. त्यांच्या शेजारी आणखी दोन आकडे मागितले पाहिजेत. चित्र निघाल्यापासून पहिली गोळी पोटात जाईपर्यंत किती दिवस लागले? आणि संशयाची खूण झालेल्यांपैकी किती जण उपचारापर्यंत पोहोचलेच नाहीत?

शिबिर संपते, गाडी निघून जाते. ज्याच्या छातीवर संगणकाने खूण केली, तो माणूस दुसऱ्या दिवशी पुन्हा जंगलात गेलेला असतो. त्याला शोधून थुंकीची डबी देणारी आशा, ती डबी तालुक्याला पोहोचवणारा माणूस आणि औषध घेऊन परतणारा आरोग्यसेवक ही साखळी जेथे शाबूत राहील, तेथे साडेतीन किलोचे यंत्र खरोखर जीव वाचवेल.